खंडेनवमीला पुजलेला व्हिडिओ गेम

हुबळीच्या दाजीबानपेठेमागच्या गल्लीत कुसुमताई हंचाट्यांचं घर आहे. खंडेनवमीला तिथं गेलात तर देवापुढच्या पाटावर एक कात्री, टेप, अंगुस्तान, सुयांची डबी अशी सगळी शिंप्याची हत्यारं मांडलेली दिसतील. आणि त्यांच्या मधोमध एक काळी प्लास्टिकची पेटी. पेटीला वायरी, वायरीच्या टोकाला बटणांचा रिमोट. सगळ्याला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. तो व्हिडिओ गेम आहे, टीव्हीला जोडून खेळायचा. बंद पडूनही त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आता दोन हजार आठ सालात घरोघरी कॉम्प्युटर आलेत, तेव्हा नातेवाइकांची पोरं त्या पेटीकडं बघून तोंडाला रुमाल लावतात. कुसुमताई म्हणतात, "हसा की. पण नमस्कार करा आधी."

गल्लीतल्या नव्या सुना म्हणतात, बाईंचं काहीतरी बिनसलंय. बिनसलेलं काही नाही हो! बिनसलं होतं ते सत्त्याण्णव साली, आणि निस्तरलंही त्याच साली. पण ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

कुसुम निपाणीची. लग्न होऊन हुबळीत आली तेव्हा तिला कानडीतलं 'बर्री' आणि 'होग्री', म्हणजे 'या' आणि 'जा', एवढंच यायचं. नवरा राघवेंद्र, सगळा बाजार त्याला राघण्णा म्हणायचा. जेंट्स टेलर. पॅंट शिवावी तर राघण्णानंच, असं धारवाडचे वकीलसुद्धा म्हणायचे, आणि धारवाडचा माणूस हुबळीच्या माणसाचं कौतुक सहसा करत नाही, हे लक्षात घ्या. दुकान बाजारात, घर गल्लीत. संध्याकाळी दुकान आवरून राघण्णा घरी यायचा तो काखेत शर्टांचं गाठोडं घेऊनच. काजं करायची, बटणं लावायची, हे काम कुसुमचं. ती जोत्यावरच्या दिव्याच्या उजेडात सुई घेऊन बसायची, तो चहाचा कप घेऊन समोर बसायचा. मग ती रोज एकच विचारायची.

"आज कोण कोण आलं?"

की झालं सुरू! माप देताना पोट आत ओढून श्वास धरणारा वकील. एकाच कापडातून तीन पॅंटी काढा म्हणून हटून बसलेला अमरगोळच्या अडतीतला हमालांचा मुकादम. लग्नाचा सूट शिवायला येऊन लग्नच मोडल्याचं सांगणारा बॅंकेतला क्लार्क. राघण्णा नुसता सांगायचा नाही, उठून करून दाखवायचा. पोट आत ओढून, डोळे फिरवून तो वकील झाला की कुसुमच्या हातातली सुई थांबायची आणि हसूनहसून तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी मिळून केलं आणि मिळूनच आवरलं. घरात दोनच माणसं, पण त्या घराला कधी कुणी सुनं म्हटलं नाही.

असं दहा वर्षं चाललं. आणि शहाण्णवच्या दिवाळीत राघण्णाला लकी ड्रॉ लागला.

सूटिंगच्या कापडाच्या एका व्यापाऱ्यानं गावातल्या टेलरांसाठी ठेवलेला ड्रॉ. पहिलं बक्षीस स्कूटर, दुसरं फ्रिज. राघण्णाला लागला व्हिडिओ गेम. लोक हसले, तोही हसला. "शालिनीच्या पोरांना देऊ," म्हणाला. शालिनी म्हणजे त्याची धारवाडला दिलेली बहीण. चालतो का तेवढं बघावं म्हणून त्यानं तो टीव्हीला जोडला. पडद्यावर एक लाल टोपीचा ठेंगू आला. तो धावायचा, खड्ड्यांवरून उड्या मारायचा, काट्यांवर पडला की मरायचा, आणि मेला की टुं टुं टुंऽ करत एक रडकी धून वाजायची. राघण्णानं त्याला तीनदा मारलं, चौथ्यांदा पहिला खड्डा पार केला आणि एवढ्या मोठ्यांदा "हां!" म्हणाला की शेजारच्या शेवंताक्का दारात येऊन बघून गेल्या.

शालिनीच्या पोरांसाठी आणलेल्या त्या पेटीनं शालिनीच्या घराचा उंबरा काही बघितला नाही.

आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज. चप्पल काढली की टीव्ही. चहा तिथंच, जेवण तिथंच, ताटात काय आहे ते न बघता. अडतीस वर्षांचा बाप्या, मिशीत दोन पांढरे केस, आणि मांडी घालून पडद्यापुढं रिमोट दाबत बसलाय! कुसुमला आधी हसू यायचं. मग चिडचिड झाली. मग काहीच वाटेनासं झालं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं.

त्यात आणखी एक झालं. शर्टांचं गाठोडं यायचं थांबलं. तिनं विचारलं तर पडद्यावरची नजर न काढता राघण्णा म्हणाला, "काजं आता बाहेर मशीनवर करून घेतो. तुझ्या डोळ्यांना कशाला त्रास?"

डोळ्यांचा त्रास! दहा वर्षं झाला नाही तो आता व्हायला लागला होय? कुसुमला ते फार लागलं. बोलणं गेलं ते गेलंच, आता हातातली सुईही काढून घेतली. ती तरीही विचारायची, "आज कोण कोण आलं?" तो म्हणायचा, "आले की नेहमीचे." आणि ठेंगू उडी मारायचा.

"सवत असती तर तिच्या झिंज्या तरी धरल्या असत्या अक्का," ती एकदा शेवंताक्कांना म्हणाली. "या वायरीच्या काय धरायच्या?"

शेवंताक्कांनी उपाय सांगितला तो त्यांच्या स्वभावाप्रमाणेच. "बावीत टाक," म्हणाल्या. बावी म्हणजे विहीर. पण कुसुमच्या हातून ते व्हायचं नव्हतं. नवऱ्याच्या आवडीची वस्तू विहिरीत टाकायची तर मग नवऱ्याजवळ राहायचं कशाला, असा तिचा सरळ हिशेब.

आणि त्या 'कशाला'चं उत्तर भाद्रपदात निपाणीहून आलं. तिचा थोरला भाऊ दत्ताअण्णा सांगून गेला की तिथल्या महिला मंडळाला शिवणाचा वर्ग चालवायला बाई हवी आहे. "ये महिनाभर. जमलं तर राहा." जाताना तो एवढंच म्हणाला, "तुझा आवाज बसलाय का गं? बोलत नाहीस पहिल्यासारखी." कुसुम आत जाऊन पदरानं डोळे पुसून आली.

संध्याकाळी तिनं राघण्णाला सांगितलं. अगदी स्पष्ट, दोनदा. "मी दसरा झाला की निपाणीला जाते. दत्ताअण्णाकडं. कधी येईन ते सांगता येत नाही."

"हूं," राघण्णा म्हणाला. "बरं."

ती थोडा वेळ तिथंच उभी राहिली. त्यानं मान वळवली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी थापता थापता तिला ऐकू येत राहिलं, टुं टुं टुंऽ, टुं टुं टुंऽ. त्या दिवशी ठेंगू मरतच होता, सारखा. तिला त्याचंही काही वाटलं नाही. बायको घर सोडून जाते म्हणाली आणि माणसाला ऐकूसुद्धा आलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. तिनं पलंगाखालची बॅग काढली आणि त्यात सगळ्यांत आधी तिची जांभळी इरकल ठेवली.

नवरात्र बसलं. राघण्णासारख्या भावसार शिंप्यांचं ते मोठं नवरात्र, त्यांच्या कुलदेवीच्या, हिंगुलांबिकेच्या देवळात रोज गर्दी. कुसुम रोज जायची, पण देवीकडं काय मागायचं ते तिला सुचत नव्हतं. नवरा सुधारू दे म्हणावं तर तो ना दारू पितो, ना हात उगारतो. गावाला सांगितलं तर गाव म्हणेल, खेळतो तर खेळू दे की! शेवटी नवमीच्या आदल्या दिवशी तिला मागणं सापडलं. जायच्या आधी एक संध्याकाळ दे, म्हणाली. एकच. पूर्वीसारखी.

खंडेनवमीला राघण्णा सकाळीच दुकानात गेला, मशीन पुसून पुजायला. कात्री-टेप तेवढं घरी पुजायचं, ही त्यांच्या घरातली रीत. कुसुमनं पाट मांडला. कात्री ठेवली, टेप गुंडाळून ठेवला, अंगुस्तान ठेवलं. स्वतःची सुयांची डबी ठेवली. आणि हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन बसली असताना तिची नजर टीव्हीकडं गेली.

आता रीत काय आहे? ज्या हत्यारावर माणसाचा दिवस चालतो, ते नवमीला पुजायचं. आणि एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. शेतकरी नांगराला लावत नाही, तारिहाळच्या कारखान्यातला कामगार लेथला लावत नाही. मग ज्याला रोज हात लावल्याशिवाय या माणसाचा घास उतरत नाही, ते हत्यार नव्हे तर काय? कुसुम ताडकन उठली, वायरी उपटल्या, पेटी आणून पाटाच्या मधोमध ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, फूल. उदबत्ती ओवाळताना तिला रागही येत होता आणि हसूही.

दुपारी राघण्णा जेवून उठला, हात पुसत टीव्हीकडं गेला. थांबला. देवघराकडं बघितलं.

"हे काय?"

"पूजा," कुसुम म्हणाली.

त्याचा हात पुढं झाला होता, तेवढ्यात शेवंताक्का प्रसादाची वाटी घेऊन दारात. "अय्यय्य! राघण्णा! पुजलेल्या हत्याराला हात लावतोस? आईनं हेच शिकवलं?"

राघण्णानं हात मागं घेतला. कात्री पाटावर, मशीन पुजून बंद, गेम पाटावर. त्या माणसाला हाताचं काय करावं ते कळेना. खिशात घातले, काढले, अंगणात गेला, आत आला. कुसुम आतून बघत होती. तिलाही सुचत नव्हतं, कारण तिची सुईही पाटावर. देवीनं संध्याकाळ दिली खरी, पण ती कशी सुरू करायची हे काही सांगितलं नव्हतं.

मग तिनं झेंडूची पाटी अंगणात आणली. उद्या दाराला तोरण लागतं.

"बसा की," ती म्हणाली. "हातभार लावा."

तो बसला. सवयीनं म्हणाला, "सुई दे." मग दोघांनीही पाटाकडं बघितलं.

"ओवायची नाहीत," कुसुम म्हणाली. "बांधायची. शेवंताक्कांनी शिकवलंय मला, इकडं बायका असंच बांधतात. दोरा बोटावर घ्यायचा, फूल ठेवायचं, वेढा द्यायचा, ओढायचं."

राघण्णानं फूल ठेवलं, वेढा दिला, फूल सुटलं. दुसरं सुटलं. गावातला नामी शिंपी, आणि त्याला चार फुलं बांधता येईनात! "द्या इकडं हात," म्हणून कुसुमनं त्याचा उजवा हात हातात घेतला. किती दिवसांनी घेतला होता, तेही तिला आठवलं नाही. अंगठा नीट धरायला गेली आणि थबकली.

शिंप्याच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा असतो. जाड कापडाच्या घड्या कापून कापून अंगठ्याच्या मुळाशी कातडी शिंपल्यासारखी टणक होते. लग्न झालं तेव्हापासून तो घट्टा तिच्या ओळखीचा होता. अंधारातसुद्धा हात हातात आला तर त्यावरून ओळखला असता तिनं. तो घट्टा तिथं नव्हता. कातडी मऊ पडली होती. तिनं त्याचा डावा हात ओढून बघितला. डाव्या अंगठ्याच्या टोकाला नवा घट्टा होता, रिमोटच्या बटणाचा.

"अहो," ती म्हणाली, "कात्रीचा घट्टा कुठं गेला?"

राघण्णानं हात मागं ओढला.

"राघण्णा टेलरचा घट्टा जातो कसा? दिवसाला चार-पाच पॅंटी कापणारा माणूस..." आणि बोलता बोलताच तिला सगळं उमगलं. गाठोडं. मशीनची काजं. 'आले की नेहमीचे.'

"कोणी येत नाही गं," राघण्णा म्हणाला. त्याचा आवाज एवढा बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "सगळे रेडीमेड घेतात. आत गेला, घातली, बाहेर आला. माप द्यायला कुणाला वेळ आहे? मी आता त्या समोरच्या रेडीमेडवाल्याच्या पॅंटीची लांबी कमी करून देतो. दिवसभर तेच. कापायचं काही नाही, नुसती खालची दुमड."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? घरात पाऊल टाकलं की तू विचारणार, आज कोण कोण आलं. तुझं तोंड एवढं फुललेलं असायचं विचारताना. कोणी नाही आलं, असं रोज रोज कोणत्या तोंडानं सांगू? एक-दोनदा तर मनानं रचून सांगितलं. मग ते पण जमेना. त्या खेळात बसलं की तू विचारलंस तरी मान वर करावी लागत नाही. आणि तिथं... तिथं एक खड्डा पार केला की पुढचा तरी येतो."

जो प्रश्न ती मायेनं विचारत होती, त्याच प्रश्नाला भिऊन तिचा नवरा वर्षभर पळत होता. आणि ती त्याच्या मागं रोज तोच प्रश्न घेऊन धावत होती. कुणाला दोष द्यायचा, सांगा!

"मी निपाणीला जाते म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्ही हूं म्हणालात. ऐकलंसुद्धा नाहीत."

"ऐकलं," राघण्णा म्हणाला. "दोन्ही वेळा ऐकलं."

ती त्याच्याकडं वळली.

"त्या दिवशी एक खड्डा पार झाला नाही माझ्याकडून. डोळ्यापुढं काही दिसतच नव्हतं. जाऊ नको म्हणायचं फार मनात आलं. पण म्हटलं, तिथं दत्ताअण्णा आहे, बायका आहेत, शिकवशील, बोलशील. इथं काय आहे? मी आणि ती दुमड."

कुसुमला ती रडकी धून आठवली. भाकरी थापताना ऐकलेली, सारखी सारखी वाजणारी. ती त्याचीच होती तर, ठेंगूची नव्हती. तिनं हातातली फुलं पाटीत टाकली आणि एकदम रागानं, रडत रडत म्हणाली, "अहो, मला त्या वकिलाचं पोट घेऊन काय करायचं होतं? मला तुम्ही पाहिजे होता समोर! वकील गेला खड्ड्यात!"

राघण्णाला हसू आलं. वर्षभरात पहिल्यांदा. हसता हसता त्यानंही बाहीनं डोळे पुसले. तोरण त्या संध्याकाळी वाकडंतिकडंच झालं, मधे मधे फुलं सुटलेली. शेवंताक्का बघून म्हणाल्या, "हे कोणी बांधलं? माकडानं?"

दसऱ्याच्या सकाळी हत्यारं उचलायची आणि कामाचा मुहूर्त करायचा. राघण्णा अंघोळ करून दुकानात गेला आणि एक पिशवी घेऊन परत आला. आत रेडीमेडच्या चार पॅंटी. त्यानं त्या तिच्यासमोर जमिनीवर ठेवल्या, मान खाली घालून. मग पाटावरची कात्री उचलली आणि तिच्या देखत एका पॅंटीचं जास्तीचं कापड कापलं. दुसऱ्याच्या हातच्या पॅंटीवर मुहूर्त करायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. कुसुमनं सुयांची डबी उचलली, ती पॅंट मांडीवर घेतली आणि खालच्या दुमडीला हातानं टाके घालायला सुरुवात केली.

आता तुम्ही विचाराल, गेम सुटला का? असं कुठं काय एका दिवसात सुटतं! पेटी पाटावरून टीव्हीपाशी गेली, आणि राघण्णा पुढं चार वर्षं खेळला, कधी रविवारी, कधी मन उदास झालं की. पण कुसुम शेजारी येऊन बसायची आणि ठेंगू मेला की विचारायची, "काय झालं हो?" आणि तो सांगायचा. ठेंगूचं नव्हे, स्वतःचं. पुढं पेटी बंद पडली तेव्हा टाकून द्यायला निघाला होता तो, तिनंच हातातून काढून घेतली.

पण ते पुढचं. त्या दसऱ्याच्या संध्याकाळचं तेवढं राहिलं.

संध्याकाळी कुसुमनं पलंगाखालची बॅग ओढली आणि जांभळी इरकल काढून नेसली. बाकीच्या साड्यांना तिनं अजून हात लावला नव्हता. देवळातून परत येताना अख्खी गल्ली रस्त्यावर. आपल्याकडं सोनं म्हणतात, हुबळीत बन्नी म्हणतात, भाव तोच. ज्याला त्याला पानं द्यायची आणि म्हणायचं, बन्नी तगोंडु बंगारधंग इरोण. बन्नी घ्या, सोन्यासारखं राहूया. वर्षाची भांडणं त्या पानांबरोबर मिटवायची. धाकट्यानं थोरल्याला आधी द्यायची अशी रीत, म्हणून कुसुमनं घरी आल्यावर पानं हातात घेतली. पण ती वाकायच्या आत राघण्णानंच तिचा हात धरून त्यात बन्नी ठेवली.

"जाऊ नको," एवढंच म्हणाला.

कुसुमनं पानं कपाळाला लावली. मग ती आत गेली, चहा टाकला, कप त्याच्या हातात दिला, आणि जोत्यावरच्या दिव्याच्या उजेडात, तिच्या जुन्या जागेवर, राहिलेली पॅंट मांडीवर घेऊन बसली. सुईत दोरा ओवला. राघण्णा समोर येऊन बसला.

"आज कोण कोण आलं?" तिनं विचारलं.

राघण्णाच्या हातातला कप थांबला. त्यानं तिच्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "कोणीच नाही आलं."

"बरं," कुसुम म्हणाली, आणि पहिला टाका घातला. "मग तेच सांगा."